नव्या वर्डमध्ये जुन्या फायली उघडत नाहीत: आधी काय तपासायचं, मग काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. संगणक बदलला, त्याबरोबर वर्डची नवी आवृत्ती आली आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टाइप केलेल्या फायली आता धड उघडत नाहीत. काहींवर क्लिक केलं की ‘हा फाइल प्रकार ब्लॉक केलेला आहे’ अशी सूचना येते. काही उघडतात, पण मराठी मजकुराच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. काहींचा मजकूर ठीक आहे, पण पानं हलली आहेत. नाव बदलून डॉकचं डॉकएक्स करून पाहिलं, उपयोग झाला नाही. तर आता जुनी आवृत्ती पुन्हा टाकावी का?

टाकू नका. या तीन तक्रारी दिसायला एकाच वेळी आल्या असल्या तरी त्यांची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. अशा फायलींचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. माझ्याकडे ‘फाइल गेली’ म्हणून आलेल्या प्रकरणांत बहुतेक वेळा फाइल शाबूतच असते. नव्या प्रोग्रॅमने फक्त दार लावून घेतलेलं असतं. खरं नुकसान होतं ते नंतर, घाईघाईत केलेल्या ‘दुरुस्ती’मुळे. म्हणून आधी दोन गोष्टी करून घ्या, मग पुढचं वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे सगळ्या जुन्या फायलींची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर घ्या आणि प्रयोग फक्त त्या प्रतीवर करा. मूळ फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’ची खूण करून ठेवली तर आणखी बरं. फायली अजून फ्लॉपीवर किंवा सीडीवर असतील तर तिथूनच उघडत बसू नका. आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. फ्लॉपी प्रत्येक वाचनाबरोबर झिजते आणि जुनी सीडीही कधी दगा देईल सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट: फाइल बंद करताना वर्डने ‘बदल सेव्ह करायचे का?’ असं विचारलं तर ‘नको’ म्हणा. तुम्ही एक अक्षरही बदललेलं नसताना हा प्रश्न येऊ शकतो, कारण फाइल उघडताना वर्डने पानांची फेरमांडणी केलेली असते, तारखेसारखी फील्ड, म्हणजे वर्ड आपोआप भरतं त्या जागा, नव्याने भरलेली असतात. सवयीने ‘हो’ दाबलं की मूळ फाइलवर नव्या वर्डने बदललेली फाइल चढते आणि मागे जायची वाट बंद होते.

आता नाव बदलण्याबद्दल. डॉक आणि डॉकएक्स यांत फरक एका अक्षराचा दिसतो, पण आतली रचना पूर्णपणे वेगळी आहे. १९९७ ते २००३ पर्यंतच्या वर्डच्या डॉक फायली बायनरी असतात: मजकूर, स्वरूपण, चित्रं हे सगळं एका डब्यात ठरावीक जागी कोंबलेलं. २००७ मध्ये आलेली डॉकएक्स ही खरं तर एक झिप फाइल आहे, तिच्या आत एक्सएमएलचे, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुराचे, तुकडे आणि चित्रांचं वेगळं फोल्डर असतं. एक्स्टेन्शन, म्हणजे नावातली टिंबानंतरची अक्षरं, बदललं म्हणून आतलं काही बदलत नाही. उलट वर्डला डॉकएक्स म्हणून झिप अपेक्षित असते, आत बायनरी सापडते आणि ते ‘फाइल खराब आहे’ असं सांगून मोकळं होतं. तुम्ही बदललेली नावं आधी होती तशी करून घ्या. कदाचित काही फायली तेवढ्यानेच उघडतील.

एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवायचा नाही, तर फाइल नेमकी कसली आहे हे कळणार कसं? तिची पहिली काही अक्षरं बघून. हे काम साध्या नोटपॅडने होतं. प्रत घ्या, नोटपॅडमध्ये उघडा. पुढचा सगळा कचरा सोडून द्या, फक्त अगदी सुरुवात वाचा.

सुरुवातीला ‘पीके’ ही दोन मोठी इंग्रजी अक्षरं दिसली तर ती झिप आहे, म्हणजे डॉकएक्स किंवा लिब्रेऑफिस या वर्डसारख्याच मोफत प्रोग्रॅमची ओडीटी. महिरपी कंसानंतर उलटी तिरपी रेघ आणि ‘आरटीएफ’ दिसलं तर ती रिच टेक्स्ट फाइल आहे. नाव काहीही असो, ती आजही जवळजवळ कुठेही उघडते. आडवी रेघ मारलेला डी आणि त्याला लागून डोक्यावर दोन टिंबं असलेला आय दिसला, तर ती बायनरी डब्याची खूण आहे. हेक्समध्ये हीच खूण ‘डी० सीएफ ११ ई०’ अशी लिहितात. वर्ड ६, वर्ड ९५ आणि वर्ड ९७ पासूनची सगळी डॉक मंडळी याच डब्यात राहतात. अशा वेळी नोटपॅडच्याच शोधात ‘वर्ड डॉट डॉक्युमेंट डॉट’ हे शब्द इंग्रजीत टाकून बघा. पुढे ८ असेल तर ती ९७ किंवा त्यानंतरची, ६ असेल तर वर्ड ६ किंवा ९५ ची. डोक्यावर टोपी असलेला यू आणि त्याला लागून येन चलनाचं चिन्ह दिसलं तर ती वर्ड २ ची, म्हणजे १९९० च्या दशकाच्या अगदी सुरुवातीची. सुरुवातीजवळ ‘डब्ल्यूपीसी’ दिसलं तर फाइल वर्डची नाहीच, वर्डपरफेक्टची आहे. आणि मजकूर बऱ्यापैकी वाचता येतो, पण बहुतेक शब्दांचं शेवटचं अक्षर तेवढं विचित्र दिसतं, असं असेल तर ती वर्डस्टारची समजा. वर्डस्टार शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा वरचा बिट चालू ठेवत असे, म्हणून ते असं दिसतं.

यात दोन फसवे प्रकार आहेत आणि ते वारंवार भेटतात. एक म्हणजे वर्ड ९७ च्या सुरुवातीच्या प्रतींमध्ये ‘वर्ड ६/९५ म्हणून सेव्ह करा’ असा पर्याय होता, पण तो प्रत्यक्षात आरटीएफ फाइल तयार करून तिला डॉक हे नाव देत असे. म्हणजे त्या काळातली एखादी ‘डॉक’ आतून आरटीएफ निघू शकते, आणि तसं निघालं तर ती आनंदाची बातमी आहे. दुसरा प्रकार म्हणजे नावाच्या सुरुवातीला वळणदार रेघ आणि डॉलरचं चिन्ह असलेली इवलीशी फाइल, साधारण १६२ बाइटची. तिच्यात तुमचा मजकूर कधीच नव्हता. एखादी फाइल उघडी असताना वर्ड ही खूणगाठ बाजूला ठेवतं आणि संगणक मध्येच बंद पडला तर ती तशीच मागे राहते. तिच्यावर वेळ घालवू नका.

आणि नोटपॅडमध्ये वरपासून खालपर्यंत सगळं रिकामंच दिसलं, पण फाइलचा आकार मात्र नेहमीसारखा असला, तर आत नुसती शून्यं भरलेली असण्याची शक्यता मोठी. बिघडलेल्या माध्यमावरून कॉपी करताना असं होतं. अशा फाइलमधून कोणताही प्रोग्रॅम काही काढू शकणार नाही, पैसे घेऊन दुरुस्ती करतो म्हणणारेही नाही. त्या फाइलची दुसरी प्रत कुठे आहे हे शोधणं हाच मार्ग: जुना बॅकअप, कुणाला पाठवलेली मेल, दुसऱ्याच्या संगणकावरची प्रत.

आता तुमची पहिली तक्रार, ब्लॉक झालेल्या फायली. वर्ड ९५ आणि त्याआधीचे प्रकार नवं वर्ड मुद्दाम अडवतं. याची सुरुवात २००७ च्या सप्टेंबरात ऑफिस २००३ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकने झाली आणि तेव्हा लोक बरेच संतापले होते, कारण एका अपडेटनंतर रोजच्या फायली उघडेनाशा झाल्या. आपले जुने फॉरमॅटच असुरक्षित होते की काय, असं अनेकांना तेव्हा वाटलं. तसं नाही. दोष फॉरमॅटचा नाही. ते वाचणारा जो जुना कोड वर्डमध्ये पडून होता, त्यात त्रुटी होत्या. मुद्दाम वाकडीतिकडी रचना केलेली फाइल त्या कोडला चकवून संगणकात शिरकाव करू शकत होती. म्हणून स्वतःच टाइप केलेली, स्वतःच्याच ड्राइव्हवर राहिलेली फाइल उघडण्यात फारसा धोका नाही. अनोळखी ठिकाणाहून आलेली वर्ड ६ ची फाइल मात्र संशयानेच बघावी.

सूचना नीट वाचा. तिच्यात कंसात फाइलचा प्रकार दिलेला असतो, उदाहरणार्थ ‘वर्ड ६.०’ किंवा ‘वर्ड ९५’. मग वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, फाइल ब्लॉक सेटिंग्ज असं जा. तिथे प्रकारांची यादी आहे आणि प्रत्येकासमोर ‘ओपन’ आणि ‘सेव्ह’ अशा दोन चौकटी आहेत. तुमच्या प्रकारासमोरची फक्त ‘ओपन’ची खूण काढा. यादीच्या खाली तीन पर्याय असतात: निवडलेले प्रकार अजिबात उघडू नका, प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये (म्हणजे फक्त वाचण्यापुरत्या सुरक्षित खिडकीत) उघडा, किंवा प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडून बदलही करू द्या. नुसतं वाचून मजकूर कॉपी करायचा असेल तर खूण न काढता मधला पर्याय निवडला तरी भागतं, आणि माझ्या मते तोच जास्त शहाणपणाचा. फाइल उघडली की ‘सेव्ह ॲज’ने डॉकएक्स म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. सगळ्या फायली अशा उतरवून झाल्या की खुणा पुन्हा होत्या तशा करा. ही पायरी लोक विसरतात आणि ते दार कायमचं उघडं राहतं.

यादी फिकट दिसत असेल, क्लिकच होत नसेल, तर संगणक कार्यालयाचा आहे आणि ही सेटिंग्ज वरून बांधलेली आहेत. तिथे झगडू नका, तुमच्या आयटी विभागाला सांगा. किंवा लिब्रेऑफिस वापरायची परवानगी मागा.

कारण खरं सांगायचं तर वर्ड ६ आणि ९५ च्या फायलींसाठी मी बहुतेक वेळा वर्डच्या वाटेला न जाता थेट लिब्रेऑफिसकडेच जातो. ते मोफत आहे, वर्डच्या शेजारी गुण्यागोविंदाने राहतं आणि जुने फॉरमॅट वाचण्यावर त्याच्यामागच्या लोकांनी मन लावून काम केलं आहे. वर्डपरफेक्ट, मायक्रोसॉफ्ट वर्क्स, मॅकवरचं जुनं वर्ड, क्लॅरिसवर्क्स आणि ॲपलवर्क्स या सगळ्यांच्या मजकूर फायली ते उघडतं. ॲपलवर आता मिळणारं पेजेस ॲपलवर्क्सची फाइल ओळखतसुद्धा नाही, तिथे लिब्रेऑफिस कामी येतं. जुन्या मॅकच्या फायलींना एक्स्टेन्शनच नसतं, हे लक्षात ठेवा. नाव बघून गोंधळू नका, लिब्रेऑफिसच्या ‘ओपन’मधूनच ती फाइल निवडा. मायक्रोसॉफ्टने डॉकच्या बायनरी रचनेचं सविस्तर वर्णन २००८ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. ते अशा प्रोग्रॅमांच्या फार उपयोगी पडलं आहे.

ब्लॉकसारखीच दिसणारी पण निराळी अडचण म्हणजे मेलवरून किंवा इंटरनेटवरून उतरवलेली फाइल. विंडोज तिच्यावर ‘बाहेरून आलेली’ असा अदृश्य शिक्का मारतं आणि वर्ड ती प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडतं. वर पिवळी पट्टी येते, तिच्यावर ‘एनेबल एडिटिंग’ असतं. फाइल ओळखीची आहे अशी खात्री असेल तर फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि खाली ‘अनब्लॉक’ची खूण. एवढंच.

काही फायली ब्लॉक नसतात, प्रकारही ओळखीचा असतो, तरी वर्ड ‘फाइल खराब आहे’ म्हणतं. तिथे क्रम असा ठेवा. वर्डच्या ओपन खिडकीत फाइल निवडा, पण ‘ओपन’ बटण न दाबता त्याच्या शेजारचा बाण दाबा आणि ‘ओपन अँड रिपेअर’ घ्या. जमलं नाही तर लिब्रेऑफिस. तेही हरलं तर पुन्हा वर्ड, ओपन खिडकीतल्या फाइल प्रकारांच्या यादीतून ‘रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल’. यात ठळक-तिरपं, तक्ते, चित्रं सगळं जातं, नुसता मजकूर हाती येतो आणि आगेमागे बराच कचराही असतो. हा प्रकार वापरून झाला की ओपन खिडकीतली निवड पुन्हा ‘ऑल वर्ड डॉक्युमेंट्स’वर आणा, नाहीतर पुढच्या चांगल्या फायलीही तशाच उघडतील आणि तुम्हाला वाटेल सगळंच बिघडलं.

इथे एक गोष्ट माहीत असावी. जुन्या वर्डमध्ये ‘फास्ट सेव्ह’ नावाची सोय होती. मजकूर बदलला की पूर्ण फाइल नव्याने लिहिण्याऐवजी ते फक्त बदल शेवटी जोडत असे आणि कोणता तुकडा कुठे बसवायचा याची एक तालिका ठेवत असे. त्यामुळे ‘रिकव्हर टेक्स्ट’ने काढलेल्या मजकुरात परिच्छेद उलटसुलट क्रमाने दिसतात आणि लेखकाने तेव्हा खोडलेली वाक्यंही परत येतात. ते बिघाडाचं लक्षण नाही. पण असा मजकूर तुम्ही कुणाला पाठवणार असाल, छापणार असाल, तर ओळ न ओळ वाचून घ्या. पत्रातून काढून टाकलेलं वाक्य वीस वर्षांनी समोरच्याच्या हाती पडणं कुणालाच नको असतं.

डॉकएक्स खराब झाली असेल तर काम सोपं आहे. प्रतीचं एक्स्टेन्शन झिप करा आणि उघडा. ‘वर्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॉक्युमेंट’ ही एक्सएमएल फाइल आहे, तिच्यात मजकूर आहे. ‘मीडिया’ फोल्डरमध्ये चित्रं मूळ रूपात असतात.

आता तुमची दुसरी तक्रार, आणि मराठीत लिहिणाऱ्यांसाठी हीच सगळ्यात महत्त्वाची. फाइल उघडते, पण मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं. इथे फाइलला काहीही झालेलं नाही आणि वर्डचाही दोष नाही.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी देवनागरी टाइप करायची रीत वेगळी होती. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम या टायपिंगच्या प्रोग्रॅमबरोबर येणारे योगेश आणि सुरेख असे फॉन्ट होते. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ असं टाइप केलं तर फाइलमध्ये प्रत्यक्ष साठतं ते इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच. ईच्या जागी म चा आकार, जेच्या जागी र, केच्या जागी काना, मोठ्या बीच्या जागी ठ, एचच्या जागी दुसरी वेलांटी. फॉन्ट संगणकावर असेल तोवर आपल्याला मराठी दिसतं. नव्या संगणकावर तो फॉन्ट नाही, म्हणून वर्ड ती अक्षरं दुसऱ्या फॉन्टमध्ये दाखवतं आणि खरी साठवण उघडी पडते.

तेव्हा पहिला उपाय सोपा: हवा तो फॉन्ट शोधून बसवा. मजकुरात कर्सर ठेवला की होम टॅबवरच्या फॉन्टच्या चौकटीत मूळ नाव दिसतं, फॉन्ट संगणकावर नसला तरीही. पूर्ण फाइलमधले हरवलेले फॉन्ट एकत्र बघायचे असतील तर ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, आणि खाली ‘शो डॉक्युमेंट कंटेंट’ या भागात ‘फॉन्ट सबस्टिट्यूशन’चं बटण आहे. कोणत्या फॉन्टच्या जागी काय वापरलं जातंय ते तिथे समोरासमोर लिहिलेलं असतं. जुन्या संगणकाच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या फॉन्टची टीटीएफ फाइल आणा, राइट क्लिक करून इन्स्टॉल करा. जुने टीटीएफ फॉन्ट आजच्या विंडोजवरही बसतात. म्हणून जुना संगणक मोडीत काढण्याआधी फायलींबरोबर फॉन्ट्सचं फोल्डरही कॉपी करून घ्या, असं मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. फॉन्टची फाइल इवलीशी असते आणि नंतर शोधायला जीव जातो.

फॉन्ट बसला, मराठी दिसू लागलं, की लगेच टाइप करायला सुरुवात करू नका. आधी ऑटोकरेक्ट बंद करा. वर्डच्या दृष्टीने तो मजकूर इंग्रजी आहे, त्यामुळे वाक्याचं पहिलं अक्षर ते आपणहून मोठं करतं. कृतिदेवमध्ये छोट्या ईचा मोठा ई झाला की पूर्ण म जाऊन अर्धा म येतो. सरळ अवतरण चिन्हांची वळणदार करणं हा दुसरा उपद्व्याप. कृतिदेवमध्ये एकेरी आणि दुहेरी अवतरणाच्या कळांवर अर्धा श आणि अर्धा ष बसवलेले आहेत. वर्डने त्यांना वळण दिलं की शब्दातला श्रीगणेशाच गायब. ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स इथे जाऊन ‘ऑटोकरेक्ट’ आणि ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ या दोन्ही टॅबमधल्या या खुणा काढा.

फॉन्ट बसवणं हा तात्पुरता उपाय आहे. तो मजकूर शोधात सापडत नाही, मेलमध्ये चिकटवता येत नाही, मोबाइलवर दिसत नाही. पुढे वापरायचा असेल तर युनिकोडमध्ये आणायलाच हवा, आणि त्यासाठी त्या-त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो. कृतिदेवचा कन्व्हर्टर शिवाजीला चालत नाही, कारण कोणत्या कळेवर कोणता आकार हे प्रत्येकाचं वेगळं. ‘फाइंड अँड रिप्लेस’ने स्वतः करू असंही मनात आणू नका. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठतात: ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर. ‘वर्ग’मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये ग च्या नंतर असतो, युनिकोडमध्ये तो ग च्या आधी येतो. त्यामुळे नुसती अक्षरांना अक्षरं बदलली की वेलांट्या आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. चांगला कन्व्हर्टर हा क्रम सांभाळतो. तरी जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी या तीन ठिकाणी नजर टाकायलाच हवी.

फायलीत मध्येमध्ये खरं इंग्रजी असेल, नावं, ईमेल, संदर्भ, तर पूर्ण मजकूर एकदम कन्व्हर्टरमध्ये टाकलात की त्या इंग्रजीचीही देवनागरी होऊन बसेल. वर्डच्या फाइंडमध्ये शब्दांची जागा रिकामी ठेवा, ‘फॉरमॅट’मधून फक्त जुना फॉन्ट निवडा आणि ‘फाइंड इन’मधून ‘मेन डॉक्युमेंट’ घ्या. त्या फॉन्टमधला सगळा मजकूर निवडला जातो आणि कुठे मराठी, कुठे इंग्रजी हे स्पष्ट दिसतं. मग तुकड्या-तुकड्याने बदला. आकडे खास तपासा. काही फॉन्टमध्ये आकड्यांच्या कळांवर देवनागरी अंक असतात, काहींमध्ये इतर चिन्हं. करारातली रक्कम किंवा तारीख चुकली तर बाकीचं शुद्ध असूनही कागद वाया. आणि खासगी कागद ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये चिकटवू नका. संगणकावरच चालणारा कन्व्हर्टर घ्या.

तिसरी तक्रार, हललेली पानं, ही त्रासदायक असली तरी घाबरण्यासारखी नाही. शीर्षकपट्टीवर ‘कंपॅटिबिलिटी मोड’ दिसतंय ना? म्हणजे वर्ड जुन्या नियमांनी फाइल मांडण्याचा प्रयत्न करतं आहे. तरी पानं हलतात, कारण फॉन्ट बदललेला असतो किंवा प्रिंटर. जुन्या वर्डमध्ये ओळीची मापं निवडलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरवरून ठरू शकत, म्हणून एकच फाइल दोन संगणकांवर वेगळ्या ठिकाणी पान मोडत असे. फाइल, इन्फोमधलं ‘कन्व्हर्ट’ बटण मात्र जपून दाबा. ते फाइलला नव्या नियमांत आणतं आणि सेव्ह केल्यावर मूळ डॉकची जागा घेतं. त्याऐवजी ‘सेव्ह ॲज’ने डॉकएक्स करा आणि तिथली ‘मेंटेन कंपॅटिबिलिटी’ची खूण चालू ठेवा, म्हणजे मांडणी जुन्या नियमांनुसारच राहील. पानांचे क्रमांक ज्यात महत्त्वाचे आहेत, प्रबंध, करार, सूची असलेलं पुस्तक, तिथे हे नक्की करा. साध्या पत्राला एवढी मेहनत नको.

याच टप्प्यावर तारीख बघा. जुन्या पत्रात वर तारीख टाकताना ‘आपोआप अपडेट’ ठेवलेली असेल तर ते फील्ड आहे आणि १९९८ चं पत्र आज उघडलं की त्यावर आजची तारीख दिसते. मजकूर तोच, तारीख खोटी. ऑल्ट आणि एफ९ दाबा, फील्डचा कोड दिसेल. ‘डेट’ असेल तिथे इंग्रजीत ‘क्रिएटडेट’ किंवा ‘सेव्हडेट’ करा, एफ९ने ताजं करा, आलेली तारीख पटते का बघा आणि मग कंट्रोल, शिफ्ट, एफ९ दाबून ती साध्या मजकुरात बदला. हे ‘सेव्ह ॲज’ करण्याआधी करा. ज्या कागदांना पुरावा म्हणून किंमत आहे, त्यांच्या बाबतीत ही तपासणी टाळू नका.

फाइल उघडायला मिनिटभर लागतं आणि मग व्यवस्थित उघडते, असा अनुभव आला तर फाइल बहुधा कुठल्या तरी जुन्या सर्व्हरवरच्या टेम्प्लेटला, म्हणजे नमुना फाइलला, जोडलेली आहे आणि वर्ड तो सर्व्हर शोधत बसलेलं असतं. डेव्हलपर टॅबवर ‘डॉक्युमेंट टेम्प्लेट’मध्ये तो पत्ता दिसेल, त्या जागी ‘नॉर्मल’ लिहा. अचानक लाल खोडलेला मजकूर दिसू लागला तर त्या काळातले ट्रॅक केलेले बदल लपवलेले होते, ते आता दिसताहेत. ते स्वीकारण्यापूर्वी वाचा. गणिताची समीकरणं दिसतात पण डबल-क्लिक करून बदलता येत नाहीत, याचं कारण जुना इक्वेशन एडिटर सुरक्षेच्या कारणावरून २०१८ च्या जानेवारीत काढून टाकला गेला. सध्याच्या वर्डमध्ये ती नव्या समीकरणांत बदलण्याची सोय आहे.

फायली शेकड्याने असतील तर एकेक उघडत बसू नका. लिब्रेऑफिसमध्ये फाइल, विझार्ड्स, डॉक्युमेंट कन्व्हर्टर आहे. फोल्डर दाखवलं की आतल्या वर्ड फायलींच्या ओडीटी प्रती दुसऱ्या फोल्डरमध्ये करून देतं. कोणत्या फोल्डरमध्ये कोणत्या जातीच्या फायली आहेत हेच ठाऊक नसेल तर ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचं ‘ड्रॉइड’ हे मोफत साधन वापरा. ते एक्स्टेन्शनवर न जाता आतली खूण बघून प्रत्येक फाइलचा प्रकार आणि आवृत्ती सांगतं, म्हणजे वर नोटपॅडने केलं तेच, पण एका दमात. फक्त देवनागरी जुन्या फॉन्टच्या फायली या घाऊक कामातून वेगळ्या काढा, त्यांना हाताने बघावं लागतं.

बदललेल्या प्रती तपासताना पानांची संख्या, तळटीपा, तक्ते आणि हेडर-फुटर एवढं तरी मूळ फाइलशी ताडून बघा. रिव्ह्यू टॅबवरचं ‘कंपेअर’ दोन फायलींतला मजकुराचा फरक दाखवतं. जे कागद यापुढे फक्त वाचायचे आहेत, त्यांची पीडीएफ-ए करून ठेवा. ही दीर्घकाळ जतनासाठी २००५ मध्ये ठरलेली पीडीएफची जात आहे आणि तिच्यात फॉन्ट आतच बांधलेले असतात. वर्डमध्ये पीडीएफ म्हणून सेव्ह करताना ‘ऑप्शन्स’मध्ये ती खूण मिळते. मूळ डॉक मात्र डॉकएक्स आणि पीडीएफच्या शेजारी तशीच ठेवा. आज न निघालेलं एखादं चित्र किंवा समीकरण उद्याचा एखादा प्रोग्रॅम काढू शकेल, आणि तेव्हा त्याला मूळच लागेल.

एवढं करूनही एखादी फाइल हटून बसली, तर पुन्हा विचारताना चार गोष्टी लिहा: सूचनेचे जसेच्या तसे शब्द, नोटपॅडमध्ये दिसलेली पहिली काही अक्षरं, फाइलचा आकार, आणि ती साधारण कोणत्या साली व कोणत्या प्रोग्रॅममध्ये टाइप केली होती. मजकूर मराठी असेल तर फॉन्टचं नावही लिहा.